बॉलरूम आणि लॅटिन जोडीनृत्य: नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी आठवड्यातून दोन संध्याकाळी नवख्यांना जोडीनं नाचायला शिकवते. मी स्वतः शिकले तीच बेचाळिसाव्या वर्षी, त्यामुळे 'आता या वयात?' हा प्रश्न मला ऐकून नाही, अनुभवून माहीत आहे. दर नव्या बॅचमध्ये तेच ते विचारलं जातं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्नांचा क्रम ते येतात तसाच आहे, म्हणजे कसाही.

बॉलरूममधल्या 'बॉल'चा चेंडूशी काही संबंध?

काही नाही. लॅटिनमध्ये 'बालारे' म्हणजे नाचणं, त्यावरून हा 'बॉल' आला. बॅले हा शब्द त्याच कुळातला. युरोपातल्या बड्या घरी नाचाचा समारंभ व्हायचा तो बॉल आणि ज्या दालनात व्हायचा ती बॉलरूम. आज सैल अर्थानं जोडीनं, हात धरून करायच्या कुठल्याही नाचाला लोक बॉलरूम म्हणतात. नेमका अर्थ घेतला तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठरलेले दहा नाच.

ते दहा कोणते?

'स्टँडर्ड' गटात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. 'लॅटिन' गटात साम्बा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. स्टँडर्डमध्ये जोडी एकमेकांना न सोडता सगळा फ्लोअर फिरते. लॅटिनमध्ये बराचसा नाच जागच्या जागी होतो आणि हात सुटतात, पुन्हा धरले जातात. साम्बा आणि पासो डोब्ले मात्र लॅटिन असूनही फ्लोअरभर फिरतात. अमेरिकेत यांच्याशेजारी आणखी एक शैली आहे, तिचे गट 'स्मूद' आणि 'ऱ्हिदम'. त्यात मॅम्बो, बोलेरो असे वेगळे नाचही येतात.

यादी पाठ करत बसू नका. वॉल्ट्झ, चा-चा-चा आणि जाइव्ह एवढं धरलं तरी पहिलं वर्ष पुरतं.

लॅटिन नाच म्हणजे सगळे लॅटिन अमेरिकेतलेच ना?

इथेच गंमत आहे. साम्बा ब्राझीलचा, रुंबा आणि चा-चा-चा क्यूबाचे, इथवर ठीक. पासो डोब्लेचं संगीत स्पेनमधल्या बैलझुंजींच्या मिरवणुकीचं, पण बॉलरूममधला नाच फ्रान्समध्ये घडला. म्हणून त्यातल्या कितीतरी पावलांची नावं आजही फ्रेंच आहेत. पुरुष मातादोर आणि बाई त्याच्या हातातलं लाल कापड, अशी कल्पना. (बाईला बैल समजणारे बरेच भेटतात. बैल तिथे नसतोच.) जाइव्ह तर थेट न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या तरुणांच्या नाचातून आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांबरोबर तो ब्रिटनमध्ये उतरला आणि पुढे त्याची कडा घासून लॅटिन गटात बसवला गेला.

आणि टँगो? ब्वेनोस आयरेस आणि माँटेव्हिदेओ या बंदरांत जन्मलेला, म्हणजे खरा लॅटिन अमेरिकी. तो मात्र स्टँडर्ड गटात. कारण तो युरोपात आधी पोचला होता. लॅटिन हा गट तयार झाला तोवर टँगो वॉल्ट्झच्या पंगतीला बसून जेवत होता.

वॉल्ट्झसारख्या सोज्वळ नाचावरून वाद झाला होता म्हणे?

झाला होता, आणि चांगलाच. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीतल्या खेड्यांत 'लेंडलर' नावाचा गिरक्यांचा नाच होता. तशा नाचांतून अठराव्या शतकात वॉल्ट्झ आकाराला आला. जर्मनमध्ये 'वाल्त्सेन' म्हणजे गरगर फिरणं. त्याआधी दरबारात मिन्युएट चाले. त्यात जोडीचा स्पर्श बोटांपुरता, आणि सगळ्या दालनाच्या नजरेसमोर. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात बाईच्या पाठीवर, तोंडं समोरासमोर, आणि गिरक्या इतक्या जलद की पाहणाऱ्याला धड काही दिसू नये. नेमकी तीच अडचण होती.

नेपोलियननंतर युरोपची फेरमांडणी करायला १८१४-१५ मध्ये व्हिएन्नात राजे आणि मुत्सद्दी जमले. तिथे वाटाघाटींइतकाच नाचही झाला आणि मंडळी वॉल्ट्झ आपापल्या देशी घेऊन गेली. जुलै १८१६ मध्ये लंडनला राजपुत्राच्या बॉलमध्ये तो नाचला गेला, तेव्हा 'द टाइम्स'नं आईबापांना बजावलं की आपल्या मुलींना या साथीपासून दूर ठेवा. साथ म्हणजे रोगाची साथ, हाच अर्थ होता. आज तोच नाच लग्नात आजी-आजोबांना पुढे करून नाचवला जातो.

हा क्रम पुढे जवळजवळ प्रत्येक नाचाच्या बाबतीत दिसेल: खालच्या समजल्या जाणाऱ्या वस्तीत जन्म, मग बोभाटा, मग कोणीतरी त्याला धुऊन-पुसून दिवाणखान्यात आणणार. लावणीचं आपल्याकडे काय काय झालं ते आठवलं, तर हे समजायला फार कष्ट पडत नाहीत.

मग हे इतके काटेकोर नियम केले कोणी?

लंडनच्या नृत्यशिक्षकांनी. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेतून नव्या संगीताचा लोंढा आला. फॉक्सट्रॉट १९१४ च्या सुमाराचा, न्यूयॉर्कच्या रंगमंचावरचा नट हॅरी फॉक्स याच्या नावाशी जोडलेला. व्हर्नन आणि आयरीन कॅसल या जोडप्यानं असे नाच मध्यमवर्गाच्या पचनी पाडले. पण प्रत्येक हॉलमध्ये प्रत्येक जण आपापल्या परीनं उड्या मारू लागला. तेव्हा 'डान्सिंग टाइम्स' या मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० मध्ये लंडनला शिक्षकांची बैठक बोलावली. १९०४ पासून चालत आलेल्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेनं १९२४ मध्ये बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली. पाऊल कुठे, टाच की चवडा, अंग किती वळवायचं, किती उचलायचं, हे सगळं कागदावर आलं. ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सवही १९२० चाच. तिथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचायला मिळणं ही आजही या क्षेत्रातली वारी समजतात.

इम्पीरियल सोसायटीच्या त्या बॉलरूम शाखेत व्हिक्टर सिल्व्हेस्टर होते, १९२२ चे जगज्जेते. नाचाला योग्य अशा स्थिर लयीच्या रेकॉर्ड मिळत नाहीत म्हणून त्यांनी १९३५ मध्ये स्वतःचा वाद्यवृंदच काढला. लय ठरलेली म्हणजे किती ठरलेली? स्पर्धेत वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं, व्हिएनीज वॉल्ट्झ ५८ ते ६०. दोन्ही तीन मात्रांचेच, पण दुसऱ्यात मिनिटाला १८० पर्यंत मात्रा पडतात. पहिल्या दिवशी व्हिएनीज शिकवा म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

रुंबा क्यूबाचा आहे, तर क्यूबातले लोक आमचा रुंबा पाहून ओळखतील का?

बहुधा नाही, आणि त्यामागे नावाचा मोठा घोळ आहे.

क्यूबात रुंबा म्हणतात तो हवाना आणि मातान्सासमधल्या गोदी कामगारांचा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा. ढोल, लाकडी खोकी, गाणं, आणि मोकळ्या अंगणातला नाच. त्याचे यांबू, ग्वाग्वांको आणि कोलुंबिया असे प्रकार. ग्वाग्वांकोमध्ये जोडी असते, पण एकमेकांना धरत नाहीत. पुरुष डाव टाकतो, बाई तो चुकवते. २०१६ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवला तो हा रुंबा.

१९३० मध्ये दॉन आस्पियासू यांच्या हवानाहून आलेल्या वाद्यवृंदानं न्यूयॉर्कमध्ये एका शेंगदाणेवाल्याच्या आरोळीवरचं गाणं वाजवलं आणि ते तुफान गाजलं. ते गाणं होतं 'सोन' या दुसऱ्याच प्रकारचं. पण अमेरिकी कंपनीनं रेकॉर्डवर 'रुंबा' छापलं, कारण तो शब्द विकला जात होता. तेव्हापासून जगाच्या दृष्टीनं सोन आणि बोलेरो म्हणजेच रुंबा.

पुढचा घोळ लंडनचा. तिथे मस्य पिएर नावाचे फ्रेंच शिक्षक लॅटिन नाच शिकवत. आधी तेही सगळ्यांसारखा चौकोनी पेटीच्या आकाराचा रुंबा शिकवायचे. १९४७ मध्ये ते क्यूबाला गेले आणि पाहतात तो लोक पहिल्या मात्रेवर पाऊल टाकतच नाहीत, दुसऱ्या मात्रेवर टाकतात. परत येऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डॉरिस लॅव्हेल यांनी ही पद्धत शिकवायला घेतली. चौकोनी पेटीवाले खवळले, आणि वाद कित्येक वर्षं चालला. शेवटी पिएर यांची बाजू टिकली. म्हणून स्पर्धेतल्या रुंबाची मोजणी आजही 'दोन-तीन-चार-एक' अशी होते आणि नवख्यांना घाम फुटतो. म्हणजे नाव एका नाचाचं, संगीत दुसऱ्याचं, आणि पुस्तक लंडनचं. इतकं असूनही तो सुंदर आहे. मिनिटाला जेमतेम २५ ते २७ आवर्तनं, त्यामुळे चूक लपवायला जागाच नाही.

चा-चा-चा हे नाव कोणी दिलं?

पायांनी. हवानातले व्हायोलिनवादक एन्रिके होर्रिन यांच्या लक्षात आलं की मॅम्बोच्या आडव्यातिडव्या लयीत साध्या माणसांची पावलं चुकतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सरळ ठेक्याच्या रचना केल्या. नाचणारे त्यावर तीन झटपट पावलं घेऊ लागले, आणि जमिनीवर बूट घासल्याचा जो आवाज झाला तेच नाव पडलं. मोजायचं 'दोन, तीन, चार-आणि-एक'. शेवटचे तीन ठोके म्हणजे चा-चा-चा. संगीतकारानं नाचणाऱ्यांची अडचण ओळखून चाल बदलली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत लोभस वाटतं.

सिनेमात दिसतो तो मान झटकणारा टँगो खरा की अर्जेंटिनाचा?

दोन्ही खरे, फक्त वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटली-स्पेनहून आलेले मजूर, काळे रहिवासी आणि गुराखी यांच्या वस्त्यांत टँगो वाढला. बायकांची संख्या कमी, म्हणून पुरुष पुरुषांबरोबर सराव करत. १९१२-१३ च्या सुमारास पॅरिस त्याच्यामागे वेडं झालं, आणि पॅरिसनं डोक्यावर घेतल्यावरच ब्वेनोस आयरेसच्या उच्चभ्रूंना तो आपला वाटू लागला. (हेही आपल्याला नवीन नाही.) इंग्लंडमध्ये त्यातले पायात पाय अडकवण्याचे प्रकार गळाले आणि मानेचा झटका आला. अर्जेंटिनी टँगोत पाठ केलेला क्रम नसतो. छाती छातीला लागून चालायचं, पुढचं पाऊल त्या क्षणी ठरतं. नाचायला बोलावणंही नुसत्या नजरेनं आणि मानेच्या हलक्या हालचालीनं होतं. नकार द्यायचा तर नजर फिरवायची, चारचौघांत कुणाचा पाणउतारा नाही.

सालसा, बचाटा यांचं काय? यादीत दिसत नाहीत.

ते दहांत नाहीत, पण पुण्या-मुंबईत आज सर्वांत जास्त शिकवले जातात तेच. क्यूबाचं सोन आणि मॅम्बो न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांत गेलं आणि १९६० ते ७० च्या दशकांत सालसा म्हणून गाजलं. १९६४ मध्ये निघालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीचा त्यात मोठा हात. सालसा म्हणजे चटणी. तिटो पुएन्ते या बुजुर्ग वादकाला हे नाव पटायचं नाही, ती खायची वस्तू आहे म्हणत. मोजणी आठची, चार आणि आठवर पाऊल नाही.

बचाटा डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा. हुकूमशहा त्रुहियो १९६१ मध्ये मारला गेला आणि पुढच्याच वर्षी बचाटाचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. गुत्त्यातलं रडगाणं म्हणून तिथल्या प्रतिष्ठितांनी त्याला दशकानुदशकं दूर ठेवलं. २०१९ मध्ये तोही युनेस्कोच्या यादीत. तीन पावलं आणि चौथ्यावर टेकवणं, एवढंच बेसिक. घाईत असाल तर इथून सुरू करा.

मला ठेकाच कळत नाही. काय करू?

कळतो. भजनाला टाळ्या वाजवता की नाही? वॉल्ट्झ तीनचा, म्हणजे दादऱ्याच्या अंगाचा: पहिली मात्रा जड, पुढच्या दोन हलक्या. फॉक्सट्रॉट, चा-चा-चा चारच्या घरातले, केरव्यासारखे. अडचण ठेक्याची क्वचितच असते. अडचण असते ती सम सोडून दुसरीकडे पाऊल टाकायची. आठवडाभर नाचू नका, नुसतं गाणं लावून स्वयंपाकघरात चालत मोजा.

पहिलं पाऊल कुठलं?

लीड करणाऱ्याचं (जो दिशा देतो) डावं, फॉलो करणाऱ्याचं (जो साथ देतो) उजवं, बहुतेक नाचांत. पण पावलापेक्षा वजन महत्त्वाचं. पाय ठेवला आणि त्यावर अंगाचं वजन गेलंच नाही, तर पुढचा पाय कुठला हे तुम्हाला कळत नाही आणि जोडीदारालाही. निम्म्या चुका इथे होतात. लोक मात्र पावलांचे व्हिडिओ पाहत बसतात.

लीड-फॉलो म्हणजे बाईनं पुरुषाचं ऐकायचं, असंच ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा नवरे हसत विचारतात आणि बायका न हसता.

लीड करणारा ढकलत नाही, तो आधी स्वतः हलतो. त्याच्या छातीची दिशा फ्रेममधून, म्हणजे दोघांच्या हातांच्या चौकटीतून, पलीकडे पोचते. फॉलो करणारी ते वाचते आणि तिचं पाऊल ती स्वतः टाकते. तिची सर्वांत मोठी चूक म्हणजे आधीच ओळखून मोकळं होणं. त्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे हातानं ओढणं.

मी बायकांना फुगडी आठवायला सांगते. हात ढिले सोडले तर फुगडी फिरत नाही, दोघींच्या हातांत ताण लागतो. पण फुगडीत एकीनं हात सोडला की दोघी आपटतात. बॉलरूममध्ये तसं होता कामा नये. ताण हातांत असावा, तोल ज्याचा त्याच्याकडे. मी मधेच 'हात सोडा' म्हणते. जो डगमगतो तो इतका वेळ दुसऱ्याच्या जिवावर उभा होता.

माझ्या क्लासमध्ये सगळे दोन्ही बाजू शिकतात. एक सत्तरीचे काका हट्टानं फॉलो शिकले, आता लीडही सुधारलंय.

माझी कंबर हलतच नाही.

हलवू नका. लॅटिनमध्ये कंबर मुद्दाम हलवली की ती वरातीतला नाच होते. वाकलेला गुडघा सरळ करत त्या पायावर वजन घ्या, कंबर आपोआप त्या बाजूला जाईल. पाऊल चवड्यावर आधी, टाच नंतर. वॉल्ट्झमध्ये पुढे जाताना उलट, टाच आधी.

बूट विकत घ्यावेच लागतात का?

पहिले दोन महिने नाही. फक्त रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. पाय फरशीला चिकटतो, अंग वळतं आणि गुडघा मधल्या मध्ये पिळला जातो. नाचाच्या बुटाला खाली लवदार कातडं असतं, ते घसरतंही आणि धरतंही. आमच्या हॉलला गुळगुळीत फरशी आहे. एका उत्साही गृहस्थांनी तिच्यावर कॅरमची पावडर टाकली होती. त्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल मी इथे लिहीत नाही.

फ्लोअरवर गर्दीत कुठल्या दिशेनं जायचं?

देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. जलद जोड्या बाहेरून, जागच्या जागी नाचणाऱ्यांनी मध्यभागी. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, दोघांनी माफी मागायची.

जोडीदार नाही. येऊ का?

या. आम्ही दर पाच मिनिटांनी जोड्या बदलतो. एकाच माणसाबरोबर शिकलेले एकमेकांच्या चुका सांभाळून घ्यायला शिकतात, नाच राहून जातो.

हे आपल्याकडे कुठून आलं?

इंग्रजांच्या क्लबांतून आणि गोव्यातून. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या ख्रिस्ती घरांतून बहरलेला मांडो याच मातीतला: स्त्री-पुरुषांच्या समोरासमोर ओळी, हातात पंखे, संथ कोकणी गीत, आणि स्पर्श नाही. युरोपच्या दिवाणखान्यातला नाच आपल्या रीतीभातीत कसा बसवायचा, याचं हे गोव्याचं उत्तर.

त्याच शाळांत शिकलेले वादक पोटासाठी मुंबईला आले. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा काळ्या अमेरिकी वादकांचा बँड वाजू लागला. त्यांच्याकडे पाहत गोव्याचे वादक जाझमध्ये मुरले. रात्री हॉटेलात फॉक्सट्रॉट आणि रुंबा, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. त्यांतले अंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा ज्या चालींवर नाचले त्यांत लॅटिन ठेका कसा आला, याचं उत्तर इथे आहे. आमच्या आईला रुंबा हा शब्द ठाऊक नव्हता, पण तिचे पाय त्यावर बरोबर पडायचे.

ऑलिम्पिकमध्ये आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं नृत्यक्रीडेच्या जागतिक महासंघाला १९९७ मध्ये मान्यता दिली, पण पॅरिसला २०२४ मध्ये त्या महासंघाकडून गेलं ते ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स.

तीन आठवड्यांनी मडगावला मैत्रिणीचं लग्न आहे. तेवढ्यात काय जमेल?

वॉल्ट्झचा चौकोन आणि जाइव्हचं बेसिक. पहिला वॉल्ट्झ नवरा-नवरीचा, तेव्हा कडेला उभं राहायचं. नंतर जोडीजोडीनं रांगेतला मार्च, त्यात पुढच्या जोडीकडे पाहत चाललात की झालं. मग वॉल्ट्झ, जाइव्ह, आणि रात्र चढली की बँड कोकणी-हिंदीची सरमिसळ 'मसाला' सुरू करतो, त्याला क्लासची गरज नाही. नवे बूट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी आठवडाभर घरात घालून फिरा.